धाकूचा बिनगंजाचा कॉम्प्युटर

पडदा वर जातो. रत्नागिरीच्या कोर्टाचा व्हरांडा. साल दोन हजार तीन, नवरात्र नुकतंच संपलेलं. चिऱ्याच्या भिंतीसमोर ओळीने पाच टेबलं. पाचांवरही टाइपरायटर असत. आता चारांवर कॉम्प्युटर आलेत. उरलेल्या कडेच्या टेबलाशी, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडलेला एक किडकिडीत माणूस हात मांडीवर ठेवून बसलाय. समोरच्या खुर्चीत कोणी नाही. हा धाकू पाष्टे.

मी त्याला तीस वर्षं ओळखत होते. गावोगावच्या उत्सवांत नाटकं होत आणि बायकांच्या कामाला आम्हाला बाहेरून बोलावत. गावातले पुरुष महिनाभर तालीम करत. मी आदल्या दिवशी एसटीतून उतरे. माझी नक्कल, म्हणजे माझ्या भूमिकेची वाक्यं, धाकूने टाइप करून ठेवलेली असे. कार्बनची प्रत, पण एक अक्षर पुसट नाही. प्रयोगात विंगेत बसून तोच मला वाक्यं देई. टाळ्या मला, नारळ मला. त्याला चहा.

पुढे नाटकं आटली. धाकू कोर्टाच्या व्हरांड्यात बसून अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करू लागला. घरी तो आणि बायको तुळसा, दोघंच. त्या टेबलावर दोघांचं चालत होतं.

त्या वर्षी त्याला काम देणाऱ्या वकिलांनी सांगितलं, "धाकू, दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळं कॉम्प्युटरवर हवं. एका चुकीपायी अख्खं पान पुन्हा टाइप करत बसायला कोणाला वेळ नाही. नाही जमलं तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल."

धाकू अगदीच बेसावध नव्हता. एक छापखाना बंद पडला, तेव्हा तिथली मराठी टायपिंगची सीडी त्याने विकत घेऊन ठेवली होती. तिच्यात अक्षरं टाइपरायटरच्याच जागी होती, म्हणजे बोटांना नवं काही शिकायला नको. सीडीबरोबर अंगठ्याएवढं एक कुलूप होतं. कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरची रुंद खोबण असते, तिच्यात ते बसवलं तरच मराठी अक्षरं उघडत. हरवू नये म्हणून तुळसाने ते रिकाम्या हळदीच्या डबीत ठेवलं होतं.

राहिला कॉम्प्युटर. नवा परवडणारा नव्हता. "आत्ता साधा घेऊ, पण पुढे वाढवता येईल असा," धाकू म्हणाला, आणि मला सोबत घेऊन साकिबच्या दुकानात गेला.

साकिब पूर्णगडचा. बाप-चुलते बोटीवर, हा एकटा जमिनीवर राहिलेला. कंपन्यांनी काढून टाकलेले कॉम्प्युटर आणून, दुरुस्त करून विकायचा. त्याने दोन पुढ्यात मांडले. एक बंदरावरच्या मासळीच्या ऑफिसातला: मोठी पेटी, आणि पाठीला तांबूस गंज. दुसरा लोटे गावच्या कारखान्यातला, एसीत वाढलेला. छोटा, काळा, गंजाचा ठिपका नाही.

आमच्याकडे जुनं लोखंड घेताना माणूस आधी गंज बघतो. सायकल असो, कपाट असो, होडीचं इंजिन असो. मी मोठ्याच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि तांबडं झालेलं बोट साकिबला दाखवलं.

"चाची, गंज पेटीला आहे," तो म्हणाला. "आतलं सगळं साफ आहे. मेमरी वाढवा, डिस्क वाढवा, चार खाचा मोकळ्या आहेत. तो छोटा दिसायला देखणा, पण त्यात पुढे काही घालता येणार नाही."

"गंजकं खपवायचं असलं की असंच बोलतात."

"लग्न करताना एवढं पारखलं होतंत काय?"

"तेव्हा पारखलं नाही, म्हणून आता पारखत्ये!"

तिघंही हसलो. धाकूचा हात मात्र मोठ्या पेटीवरच होता. "बाई, वाढवता येणारा हवाय ना आपल्याला?"

"अरे, आधी टिकू तर दे! मग वाढव."

माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. त्या दिवशी तो फक्त धाकूपर्यंत जायला हवा होता, आणि गेला. त्याने छोटा घेतला.

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन व्हरांड्यात गेले. धाकूने डबी उघडली, कुलूप काढलं, कॉम्प्युटर वळवला. मागे बारीक बारीक चिरा होत्या. रुंद खोबण नव्हती. त्याने बोटाने चाचपून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग पेढ्यांचा पुडा शेजारच्या टेबलावर सरकवला.

साकिब धावत आला. "काका, कुलपाचं बोलला असतात तर!" त्याने कुठूनशी जोडणीची वायर आणली. तिच्यावर प्रिंटर चालला, कुलूप ओळखलं गेलं नाही. खोबणीचं कार्ड घालावं तर आत खाच नाही. मोठा कॉम्प्युटर आदल्या संध्याकाळीच दापोलीच्या एका विद्यार्थ्याने नेलेला. साकिबने पैसे परत देऊ केले, तसाच दुसरा आणायचा शब्दही दिला, पण त्याला वेळ लागणार होता.

तोवर धाकूने बिनकुलपाची दुसरी मराठी घालून घेतली. तिच्यात अक्षरांच्या जागा वेगळ्या. तीस वर्षांची बोटं सवयीच्या जागी पडत आणि पडद्यावर भलतंच उमटे. एका प्रतिज्ञापत्राला दीड तास. सुट्टी संपल्यावर पक्षकार आठवडाभर थांबले, नंतर खालमानेने शेजारच्या टेबलाशी गेले. पौषात साकिब खरोखरच दुसरा कॉम्प्युटर घेऊन आला, तर कडेच्या टेबलाशी शमिका नावाची नवी मुलगी बसलेली.

"आता कुठे ठेवू तो?" एवढंच धाकू त्याला म्हणाला.

त्यानंतर तो घरीच असे. मला कधी बोल लावला नाही. तुळसा एकदाच म्हणाली, "तुमचं ऐकायची सवयच होती हो त्यांना, आनंदीबाई." रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी त्याच्या छातीत पाणी झालं. सरकारी इस्पितळात भेटायला गेले, ती माफी मागायचीच असं ठरवून. वाक्यं मनाशी जुळवली होती. खाटेशी बसले, तोंड उघडलं, आणि त्यानेच विचारलं, "माझ्या जागेवर अजून ती मुलगीच बसते?"

"होय. शमिका."

त्याने मान माझ्याकडे वळवली आणि दमादमाने आणखी थोडं बोलला. नंतर दोन दिवस त्याला शुद्ध नव्हती, आणि मग तो गेला. म्हणजे त्याचं शेवटचं बोलणं ते माझ्याशीच.

"तिला सांगा, चार वाजता तिथे ऊन थेट डोळ्यांवर येतं. टेबल जरा भिंतीकडे सरकव म्हणावं."