एक वाजून दहा मिनिटं

काही वर्षांपूर्वी एका मंगळवारी दुपारी चार वाजता माझा भाऊ कन्हानच्या एका दवाखान्यात वारला. तो भूल देणारा डॉक्टर होता.

आज त्याची लेक माझ्यासमोर बसली आहे. मेडिकलच्या प्रवेशाला होकार कळवायची मुदत संध्याकाळपर्यंत आहे. आत्या, तू म्हणशील तसं, एवढंच ती म्हणाली, आणि मी कपाटातलं पुस्तक काढायला उठले. तो गेला तेव्हा मी ते वाचत होते. पुढे वाचलं नाही.

सकाळी धरमपेठेतलं काम आटोपून तो दुपारी कन्हान गाठायचा, डबा गाडीतच खायचा. ज्यांना तो निजवून पुन्हा जागं करी, त्यांना त्याचा चेहराही आठवत नसे. पेढे सर्जनकडे जात. लग्नघरात दुपारी आडव्या झालेल्या पाहुण्यांचे श्वास तो नकळत मोजत राही. इथं तरी माणसांना नुसतं झोपू दे, असं मी चिडवायची. शेवटच्या महिन्यात मात्र जिना चढताना तो मध्येच थांबू लागला. विचारलं, तर म्हणाला, "ताई, तू काहून घाबरून राहिली? डॉक्टर कोण, मी का तू?"

त्या मंगळवारी छातीत दाटून आलं, तेव्हा त्यानं स्वतःचा ईसीजी काढून घेतला. पट्टी पाहिली, कडेला पेनानं वेळ लिहिली आणि घडी करून खिशात टाकली. सिझरसाठी एक बाई टेबलावर होती. तिथल्या सिस्टरनं अडवलं, तर म्हणाला, "हिले आधी मोकळं करू, मग माझं पाहू." ऑपरेशन लांबलं; बाईला वॉर्डात नेलं तेव्हा चार वाजत आले होते. तो स्टुलावरून उठलाच नाही.

खिशातल्या वस्तू माझ्या हाती आल्या. पट्टी मी या पुस्तकात ठेवली, बहुधा आजच्याच दिवसासाठी. इतकी वर्षं शिकून माणूस स्वतःचं मरण वाचू शकतो आणि त्याची घडीही घालू शकतो, तर शिकायचं कशाला? पट्टी हातात देऊन हेच तिला विचारायचं होतं.

उलगडली, तर गुलाबी चौकटी होत्या, रेषा नव्हती. त्या कागदावर मशीननं छापलेलं फार टिकत नाही म्हणतात.

तरी मी सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. ती खाली मान घालून ऐकत होती. आता नको म्हणेल, असं मला वाटलं. मग तिनं विचारलं, "बाळ बरं होतं का वं, आत्या?"

त्यानंही पहिल्यांदा हेच विचारलं असतं.

रडलं होतं म्हणे, मी म्हणाले. तिनं मोबाइल उचलला आणि होकार कळवला.

पट्टीवर आता त्यानं लिहिलेली वेळ तेवढी आहे. एक वाजून दहा मिनिटं.