नसरीनला ऐकू आलेली शिट्टी

"मॅडम, माझा बास कुठं गेला?"

स्टेजवर उभी असलेली तिशीतली बाई मला विचारत होती. मी मिक्सर कन्सोलमागे बसले होते. समोर माणसाएवढ्या उंचीचे स्पीकर आणि त्यांतून तिचा ट्रॅक वाजत होता. टिकटिक ऐकू येत होती, किणकिण येत होती. खालचा दणका मात्र नव्हता. भात शिजवला आणि ताटात फक्त लोणचं वाढलं, असं काहीतरी.

खालापूरच्या बाजूला एका फार्मवर इलेक्ट्रॉनिक म्युझिकचा कार्यक्रम ठरला होता. त्या दिवशी गुरुवार होता, आणि कार्यक्रम रविवारी. मी साउंड इंजिनियर. पस्तीस वर्षं मुंबईच्या स्टुडिओंत काढली, जोडीला वर्गही घेतले, आता कर्जतला घरीच काम करते. अशा कार्यक्रमांचा साउंडचेकही घेते. साउंडचेक म्हणजे प्रत्येकाचं संगीत आधी मोठ्या स्पीकरवर वाजवून बघायचं.

मॅनेजर सावंत माझ्या कानाशी आला. "मॅडम, हिचा स्लॉट काढू का? मुंबईहून लोक येणारेत."

"आत्ताच नको," मी म्हटलं. "ट्रॅकमध्ये काहीतरी आहे."

खरंच होतं. ती टिकटिक कुठल्या रेडीमेड साउंडची नव्हती. मी तिला बोलावलं. तिचं नाव नसरीन. चौक गावात जुन्या हायवेवर वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, आता तीच चालवते. जळलेल्या मोटरीतली तांब्याची तार काढायची, नवी भरायची. शेतातले पंप, पंखे, पिठाच्या गिरण्या. दुरुस्त झालेली मोटर चालू केली की तिचा आवाज फोनवर रेकॉर्ड करायचा, आणि घरी लॅपटॉपवर त्या आवाजांचं संगीत करायचं. दोन वर्षं हे चाललं होतं. कोणी शिकवलं नव्हतं.

"मिक्स कशावर करतेस?" मी विचारलं.

तिने पिशवीतून हेडफोन काढला. त्यावर चकचकीत अक्षरांत 'एक्स्ट्रा बास' लिहिलेलं. मला उत्तर मिळालं.

मिक्स करणं म्हणजे प्रत्येक आवाज किती मोठा, किती बारीक, हे ठरवणं. त्या हेडफोनमध्ये कंपनीनेच बास फुगवून ठेवला होता. गाणी ऐकायला मजा येते. पण मिक्स करणाऱ्याला वाटतं, बास फार झाला. तो कमी करतो. मग तेच मोठ्या स्पीकरवर लावलं की खाली काही उरतच नाही.

"म्हंजे हेडफोन खोटं बोलला," नसरीन म्हणाली.

"हो. गोड बोलला."

"मग खरं बोलणारा कुठला?"

"उद्या सकाळी माझ्याकडे ये. ऐकून ठरवू."

ती स्कूटरवर आली. मी टेबलावर तीन हेडफोन मांडून ठेवले होते. तिने कानाला लावायच्या आधी एक उचलला, उलटसुलट केला आणि विचारलं, "किती ओहमचा?"

माझ्याकडे येणारे लोक रंग विचारतात, फार तर वायरलेस आहे का विचारतात. ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप. ज्याचे ओहम जास्त, त्याला लॅपटॉपच्या साध्या भोकातून पुरेसा जोर मिळत नाही. मग वेगळा अ‍ॅम्प लागतो. मी हे सांगायला तोंड उघडलं, तोवर तिने पिशवीतून मीटर काढून पिनेला लावलासुद्धा.

"आत वायंडिंगच हाय की!"

"हो. कॉइल, मॅग्नेट आणि एक पातळ पडदा."

"मग ही मोटरच झाली. फिरत नाय, हालते."

पस्तीस वर्षं मी विद्यार्थ्यांना हेडफोन समजावत आले. इतकं थोडक्यात मला कधी जमलं नव्हतं.

टेस्टचा पहिला नियम तिला सांगितला: तिन्हींचा आवाज सारखा करायचा. जो किंचित मोठा वाजतो तोच माणसाला चांगला वाटतो. दुकानात बहुतेक लोक तिथेच फसतात. दुसरा नियम: जे तुला पाठ आहे तेच ऐकायचं. मी तिला गाण्यांची यादी दाखवली. तिने ती बाजूला केली.

"गाणी नको. मला मोटर पाठ हाय."

तिने फोनमधली दोन रेकॉर्डिंग दिली. एकाच पंपाची. एक बेअरिंग गेलेलं असतानाचं, एक नवीन बसवल्यानंतरचं. बेअरिंग म्हणजे मोटरीचा दांडा ज्यावर फिरतो ती गोळ्यांची कडी. मी तिला माझ्याकडे पाठ करून बसायला सांगितलं आणि मागून एकेक हेडफोन कानावर चढवत गेले. कुठला ते तिला कळू नये म्हणून.

पहिला. ती ऐकत राहिली. "हा खराब बेअरिंगलापण बरं म्हणतो."

दुसरा. तिने मान कलती केली. "हा चांगल्या बेअरिंगलापण खराब म्हणतो."

दुसऱ्याचे वरचे, बारीक आवाज टोचतात, हे मला ठाऊक होतं. तिसरा चढवला. तिने दोन्ही रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली. मग म्हणाली, "हा बरोबर. जे हाय ते सांगतो."

तो माझा रोजचा हेडफोन होता. ओपन-बॅक, म्हणजे मागून जाळीचा. आवाज मोकळा येतो, पण बाहेरचं आत येतं आणि आतलं बाहेर जातं. तिची निवड माझ्याशी जुळली म्हणून मी खुशीत होते. खुशीत असताना माणूस जरा मिरवतो. पूर्ण झालेला मिक्स कसा असतो ते दाखवावं म्हणून मी तिला माझं काम लावून दिलं. एका माहितीपटाचा साउंड, संध्याकाळी पाठवायचा होता.

दोन मिनिटांनी तिने हेडफोन काढला.

"ताई, मागं बारीक शिट्टी हाय."

"कुठे?"

"तो माणूस बोलतो ना, त्याच्या मागं. तो थांबला की शिट्टीपण थांबते."

मी हेडफोन लावला. काही नाही. आवाज वाढवला. काही नाही. दुसऱ्या हेडफोनवर ऐकलं, स्पीकरवर ऐकलं. शांतता, माणसाचा आवाज, पुन्हा शांतता.

"नाहीये गं," मी म्हटलं. आवाजात चीड आली असावी. "सवय नसली की असे भास होतात."

"असंल," ती म्हणाली. पण तिने हेडफोन पुन्हा लावला नाही. टेबलावर ठेवून दिला आणि माझ्याकडे बघत बसली.

कॉम्प्युटरवर अ‍ॅनालायझर नावाची एक खिडकी असते. कुठला आवाज किती आहे ते ती चित्रात दाखवते. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. मी कानांवर भरवसा ठेवणारी बाई. ती खिडकी मी क्वचित उघडते. त्या दिवशी तिला खोटं ठरवायला उघडली.

उजव्या टोकाला, पंधरा हजार हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या, जरा पुढे, एक रेघ उभी होती. सरळ, न हलणारी. तो माणूस बोलू लागला की यायची, थांबला की जायची.

मी फिल्टर लावला. फिल्टर म्हणजे तेवढाच आवाज कापणारी कात्री. मग स्पीकर चालू ठेवून तिला भिंतीकडे तोंड करायला लावलं आणि मनाला येईल तसा फिल्टर चालू-बंद करत गेले.

"हाय."

"नाय."

"नाय."

"हाय. आता गेली. परत आली."

वीसेक वेळा केलं असेल. एकदाही चुकली नाही. त्या खोलीत एक आवाज भरून राहिला होता. तिच्या कानात तो लख्ख वाजत होता, आणि त्याच खोलीत बसून मला तो नव्हताच. वय झालं की वरचे आवाज आधी जातात, हे मी वर्गात शिकवलेलं आहे. माझे कधी गेले ते मला कळलं नाही. गेलेला आवाज जाताना आवाज करत नाही.

"तिथं जवळ स्वस्तातला चार्जर नायतर एलईडी लाइट असंल," ती म्हणाली. "आमच्याकडं सर्किट आलं की शिट्टीवरूनच कळतं."

मी रेकॉर्डिंग करणाऱ्याला फोन केला. मुलाखतीच्या वेळी टेबलावर एलईडी दिवा होता. बोलण्याच्या मधल्या जागा मीच कापल्या होत्या, म्हणून तो माणूस थांबला की शिट्टीही थांबत होती. मी शिट्टी कापली आणि काम पाठवलं. नसरीन गेल्यावर मागची कामं उघडली. एकात तशीच रेघ सापडली. ते काम महिन्यापूर्वीच गेलं होतं. फोन हातात घेऊन मी बराच वेळ बसले. मग क्लायंटला फोन लावला. "माझ्याकडून चूक राहिली आहे. मला ऐकू आली नाही. दुरुस्त करून देते." 'ऐकू आली नाही' हे शब्द तोंडातून काढायला जड गेले. पलीकडून ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत."

हेडफोनचं काम अजून संपलं नव्हतं. तिसरा नियम राहिला होता: जिथे काम करणार तिथेच ऐकून बघायचं. शनिवारी सकाळी तो ओपन-बॅक घेऊन मी चौकला गेले. शिवाय पाठीमागून बंद असलेला आणखी एक बरोबर घेतला, दिसायला अगदी साधा.

दुकानाच्या मागेच घर. हायवेवरून ट्रक गेला की कपाटातल्या बशा वाजायच्या. ओपन-बॅक लावून नसरीनने दोन ट्रक ऐकले आणि हसली. "ताई, ह्यात तर सगळा हायवे येतोय." माझ्या शांत घरात सर्वांत खरा वाटलेला हेडफोन तिथे निरुपयोगी होता. बंद हेडफोनवर तिने पुन्हा तीच दोन रेकॉर्डिंग लावली.

"तुमच्यावाल्याएवढा मोकळा नाय. पण खोटं नाय बोलत."

तोच ठरला.

तिचे वडील बाकावर बसून आमचं बघत होते. सत्तरीचे असतील. मी काही विचारलं की ते नसरीनकडे बघायचे आणि ती मोठ्याने परत सांगायची.

"चाळीस वर्सं ठोकठोक केली," ते मला म्हणाले. "कान कामातून गेले. पहिल्यांदा नाय म्हटलं, लय दिवस म्हटलं कान बरे हायत. गिऱ्हाईक मोटर परत आणायला लागलं. मग हिला म्हटलं, बेटा, तू ऐक. ती स्क्रूड्रायव्हर मोटरला टेकवून दुसरं टोक कानाच्या हाडाला लावती. काय झालंय ते सांगती. मी खोलतो."

"वाईट नाही वाटलं?" मी विचारलं. नसरीनने ते त्यांना मोठ्याने सांगितलं.

"वाटलं ना. पर मोटर बरोबर व्हायला पायजे का नको?"

एवढंच म्हणून ते चहा आणायला आत गेले. आदल्या दिवशी एका फोनसाठी मी किती वेळ घालवला होता, ते मला आठवलं.

त्या दिवशी तिने ट्रॅक नव्याने मिक्स केला. मी शेजारी बसले, पण कशाला हात लावला नाही. दर अर्ध्या तासाने हेडफोन काढायला लावत होते. कान थकले की माणूस चुकतो, आणि थकलेल्या कानाला ते कळत नाही. बासची पट्टी वर नेताना तिचा हात थबकत होता. "एवढा?" ती विचारायची. "तुला काय ऐकू येतंय?" मी उलट विचारायची. मग ती स्वतःच ठरवायची.

रविवारी पाच वाजता तिचा स्लॉट होता. सावंत माझ्या बाजूला उभा, हाताची घडी घालून. नसरीनने बटण दाबलं.

आधी काहीच नाही. मग जमिनीतून आल्यासारखी गुणगुण. मोटर वेग घेते तशी ती चढत गेली, आणि ऐन भरात आली तेव्हा खालून ठोका पडला. छातीत लागला. लोक उठून उभे राहिले. वरून तीच टिकटिक, तीच किणकिण. पण आता प्रत्येक आवाजाला बसायला जागा होती. मी आयुष्यभर मोठमोठ्या कलाकारांचे आवाज ऐकत आले आहे. पंपाच्या आवाजात इतकं काही दडलेलं असतं हे मला माहीत नव्हतं. माझं कन्सोलवरचं लक्ष उडालं, हात नुसते आवाज कमी-जास्त करायच्या फेडरवर राहिले.

तिचे वडील स्टेजला लागून उभे होते. हाताचा तळवा स्टेजच्या फळीवर टेकवलेला. मी खुणेने विचारलं, येतंय का?

ते ओरडून म्हणाले, "हा! ही कडाव गावची पाच एचपी मोटर हाय! मीच भरली हाय ही!"

बारीक आवाज त्यांच्यासाठी संपले होते. जाड आवाज शाबूत होते. स्वतःच्या हाताने तार भरलेली मोटर त्यांनी तळव्याने ओळखली. नसरीनला वरून ते दिसत होतं. तिचे हात बटणांवर होते आणि डोळे वडिलांवर.

सावंतने हाताची घडी सोडली. पुढच्या कार्यक्रमाला तिला तासाभराचा स्लॉट मिळाला.

मी पनवेलला जाऊन कानांची तपासणी करून घेतली. बारा हजारांच्या वर मला काही ऐकू येत नाही. आता माझं प्रत्येक काम पाठवण्याआधी नसरीनकडे जातं. ती त्याची फी घेते आणि फाइलच्या नावापुढे 'हाय' किंवा 'नाय' लिहून पाठवते.

हेडफोन कुठला घ्यावा, हे विचारायला लोकांचे मला अजून फोन येतात. मी आधी विचारते, कान शेवटचे कधी तपासले होते? बहुतेकांचा फोन तिथेच संपतो.