प्रॉक्सीच्या तीन ओळी

माणूस मराठी बोलतो, एवढ्यावर मी एकदाच डोळे मिटून विश्वास ठेवला आणि स्वतःच्याच पोटावर पाय आणला.

नव्वदच्या दशकाची अखेर. कुंभकोणमच्या एका खाजगी कॉलेजात मी कॉम्प्युटर सांभाळायला हंगामी होतो. नवा सर्व्हर आलेला, आणि इंटरनेटला वाट एकच, मोडेम जोडलेल्या प्रॉक्सी मशीनमधून. सर्व्हर त्या वाटेला लागला की तुला कायम करू, असं प्राचार्यांनी कबूल केलं होतं. मी प्रॉक्सीचा पत्ता टाकायचो, चालायचं. मशीन बंद करून सुरू केलं की सगळं पुसलेलं. दोन महिने त्याने माझं डोकं खाल्लं. एका संध्याकाळी उलगडलं: माझ्या लॉगिनपुरतं लिहून भागत नाही, अख्ख्या सिस्टिमच्या फाइलीत लिहावं लागतं. तीनच ओळी. पत्ता, पोर्ट, आणि आपल्या इमारतीतल्या मशीनना प्रॉक्सीतून वगळणारी यादी. सकाळी सर्व्हरवर चढवायच्या म्हणून कागदावर उतरवून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी पाहतो तो, सर्व्हर विकणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर सर्व्हरपुढे बसलेला. प्राचार्यांचा धीर सुटला होता. इंजिनिअर पुण्याचा, फोनवर बायकोशी मराठीत बोलत होता. मी विरघळलोच. आम्ही पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेले मराठी; आमच्यात मराठी घरातली. बाहेर पाऊल टाकलं की तमिळ. त्यामुळे मराठी बोलतो तो घरचा, हे आमच्या अंगात मुरलेलं.

"तुम्ही आमचेच कीं! उदईक आमचे घरीं जेवायास या," मी म्हणालो.

तो पोट धरून हसला. "काय बखरीतलं बोलता हो!"

मीही हसलो, असा मूर्ख. दुपारपर्यंत त्याचं काही जमेना, चेहरा उतरला. घरच्या माणसाची फजिती कशी बघवणार? कागद त्याच्या हातात दिला.

चार दिवसांनी प्राचार्यांनी बोलावलं. समोर त्याचा अहवाल होता: काम पूर्ण, कॉलेजला वेगळ्या माणसाची गरज नाही, देखभाल कंपनी करील.

"तुमच्याच माणसाने एका दिवसात केलं," ते तमिळमध्ये म्हणाले. "तुला दोन महिने जमलं नाही."

"त्या ओळी माझ्या आहेत, सर."

"मग त्याला का दिल्यास?"

तो मराठी बोलत होता, हे उत्तर त्यांना तमिळमध्ये कुठल्या तोंडाने देणार? महिनाअखेर किल्ल्या टेबलावर ठेवून निघालो, तेव्हा सर्व्हर झकास चालला होता.