नलिनीताईंची दवंडी

रविवार, ११ फेब्रुवारी २००७, नारायणगाव. हजर : नलिनीताईंचे यजमान आणि दीर, कॉलेजातले सहकारी, पुण्याहून आलेले कायद्याचे एक प्राध्यापक, आमच्या महिला संस्थेच्या सगळ्याजणी, आणि आंबेगावच्या डोंगरातून जीप बदलत आलेल्या हिराबाई. शोकसभेची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. सभा वेळेत सुरू झाली, वेळेत संपली. मी सतरंज्या उचलत होते, तेव्हा हिराबाई जवळ आल्या. "बाई तर गेल्या... आता आमची दवंडी कोन देनार?"

नलिनीताई बाजारपेठेतल्या जैन कापडव्यापाऱ्यांच्या सून. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायच्या. नव्वदच्या दशकात आमच्या एका शिबिराला बोलवलं, तर अर्धा तास उशिरा आल्या आणि माझं तोंड बघून म्हणाल्या, "अगं, तू तर यमालासुद्धा वेळेवर ये म्हणशील!" तेव्हापासून आमची जोडी जमली. बोलायचं त्यांनी, पार पाडायचं मी.

दोन-तीन वर्षांपूर्वी, मानवी हक्कांवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समित्यांचा कारभार कसा सुधारावा, याबद्दल अभ्यासकांकडून आणि संस्थांकडून सूचना गोळा होत होत्या. पुण्यात बसून त्या लिहिता आल्या असत्या. ताई म्हणाल्या, आधी हिराबाईंकडे जाऊ. धरणाखाली भातखाचरं गेली, मोबदला फक्त पुरुषांच्या नावावर निघाला, हे त्या गावच्या बायकांचं गाऱ्हाणं आम्हीच आधी यांतल्या एका समितीकडे पाठवलं होतं. ओट्यावर बसवून हिराबाईंनी विचारलं, "आमी सांगून लई दिस झालं. त्येंनी ऐकलं का न्हाई, ह्ये आमाला कोन सांगनार?" शेजारचे म्हातारबा हसले, "तिकडनं दवंडी येतीय व्हय गं!"

ताई हसल्या नाहीत. निघताना हिराबाईंना म्हणाल्या, "उत्तर आलं, तर दवंडी नक्की होईल." परतताना जीपमध्येच त्यांनी सूचना तयार केली : समितीचं म्हणणं, जिथून गाऱ्हाणं आलं त्या गावात, तिथल्या भाषेत, दवंडी देऊन वाचून दाखवावं, आणि ते वाचलं गेलं, हे गावानंच समितीला कळवावं.

पुण्याच्या बैठकीत कायद्याचे ते प्राध्यापक म्हणाले, "मॅडम, दवंडीला इंग्रजीत काय म्हणायचं?" सगळे हसले. शेवटचा मसुदा माझ्या हाती होता आणि पानांना मर्यादा होती. मी तिथं लिहिलं, 'योग्य माध्यमांतून व्यापक प्रसार व्हावा.' ताईंनी वाचलं. "सुटसुटीत झालंय खरं. पण मग गावात जायचं कुणी?"

"ते ओघानं येतंच, ताई," मी म्हटलं. त्यांनी सही केली.

पुढे समितीचं म्हणणं आलं. त्यात बायकांच्या नावावर जमीन नसण्याबद्दल एक परिच्छेद होता, आणि शेवटी सरकारला सांगितलं होतं, याचा योग्य माध्यमांतून व्यापक प्रसार व्हावा. गावापर्यंत काहीच पोचलं नाही, म्हणून मी एका सरकारी कचेरीत जाऊन तक्रार केली. तिथले साहेब शांतपणे म्हणाले, "प्रसार झालाय की, मॅडम. वेबसाइटवर आहे." इंग्रजीत होतं, पण होतं. मी लिहिलेलं वाक्य तंतोतंत पाळलं गेलं होतं.

ताईंनी त्याच आठवड्यात परिच्छेद मराठीत केला. "चल, आपणच दवंडी देऊ." मी म्हटलं, ऑडिट होऊ दे. मग प्रशिक्षण होतं. मग त्या आजारी पडल्या... दवाखान्यात त्यांनी विचारलं, "गावाला कधी?" मी म्हटलं, "तुम्ही बऱ्या झालात की लगेच." माझं राहिलेलं काम मी त्यांच्या बरं होण्यावर ढकललं. त्यांना ते कळलं असावं. त्यांनी फक्त माझा हात थोपटला.

शोकसभेनंतर मी हिराबाईंना जीपपर्यंत सोडायला गेले. समितीचं म्हणणं आलंय, हे वाटेत सांगितलं. "त्यात आमचं नाव हाय का, ताई?"

"नाव नाही. पण तुम्ही बोललात ते आहे."

"खरं?" त्या थांबल्या. "मंग येवढ्या दिसात सांगितलं का न्हाई?"

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. गावात येऊन सगळ्यांसमोर वाचते, असं मी घाईघाईनं म्हटलं. "या," त्या म्हणाल्या. वार काही विचारला नाही.

याला महिना होऊन गेला. मी अजून गेलेले नाही.