माशांगेनं ‘कोणी’ विचारलं नाही

माशांगेला हळू बोलता यायचंच नाही. नदीपल्याडच्या शांगे घराण्यातली लेक, लग्न होऊन आमच्या एम्थोलवेनी गावात आली ती तोंड सोबत घेऊनच. नळावर तिच्या ड्रमापुढं कुणी आपला ड्रम सरकवला की त्या बाईचा, तिच्या सासूचा आणि सासूच्या माहेराचा एका दमात उद्धार व्हायचा. नवरा साखर कारखान्यात होता. छातीच्या दुखण्यानं गेला तेव्हा पोरगा वेलेंकोसी चार वर्षांचा. मग ती डर्बनला एका घरी स्वयंपाक आणि धुणं करायला लागली. महिन्यातनं एकदा यायची, आली की सगळ्या गावाला कळायचं.

वेलेंकोसी एका पायानं अधू. ऊस तोडायला उपयोगाचा नाही, गुरांमागं धावायला नाही. म्हणून जोडे शिवायला शिकला. गावात ज्याच्या पायात काही होतं त्यात वेलेंकोसीचा टाका होता. पोरगा अबोल. “आईनं ह्याच्या वाटचंबी बोलून टाकलंय,” असं आम्ही म्हणायचो आणि तोही हसायचा.

एका हिवाळ्यात उसात बाया सापडायला लागल्या. आपल्याच डोक्याच्या रुमालानं गळा आवळलेल्या. पहिली झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. पोलीस यायचे, पिवळी फीत बांधायचे, फोटो काढायचे आणि निघून जायचे. फीत वाऱ्यानं तुटून आमच्या शेळ्यांच्या शिंगांना गुंडाळली जायची. मग मान्झामाची लेक लुंगिले बेपत्ता झाली. मान्झामाचं घर माशांगेच्या घरापासून चार फाटकं सोडून. नऊ दिवस मान्झामा लेकीला शोधत दारोदार हिंडली. दहाव्या दिवशी रविवार होता, चर्च नुकतं सुटलं होतं. मान्झामा वेलेंकोसीच्या खोपीत डोकावली आणि खिळ्याला लुंगिलेच्या लाल चपला दिसल्या.

तिनं जी किंकाळी फोडली ती चर्चच्या दारात सगळ्यांनी ऐकली. पुढं काय झालं ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. वेलेंकोसी म्हणाला, “शिवायला दिल्या व्हत्या, मा. तळ सुटला व्हता.” गलक्यात ऐकू आलं नाही असं नंतर सगळे म्हणाले. पुढं जे होते त्यांना आलं होतं. कुणीतरी टायर आणून त्याच्या गळ्यात अडकवलं, कुणीतरी रॉकेल ओतलं. दिवस मावळायच्या आत तो डांबरी सडकेच्या कडेला पडलेला होता. गावावर आळ येऊ नये म्हणून तिथवर नेऊन टाकलेला.

फौजदार आला. “कोणी पाहिलं?”

“न्हाई साहेब. आम्ही समदी प्रार्थनेला व्हतो.”

अख्खं गाव दिवसभर प्रार्थना करत होतं, असं त्यानं लिहून घेतलं. कागद मिटला.

माशांगे सोमवारी आली. लोकांना वाटलं, आता गाव डोक्यावर घेणार. ती सडकेवर गेली, उकिडवी बसली आणि गवतावरनं हात फिरवला. मग जमलेल्यांकडं बघून म्हणाली, “माणूस जळाला आन गवत हिरवं?” एवढंच. त्या दिवसापासनं तिचा आवाज खाली आला तो आलाच.

आमच्यात माणूस बाहेर मेला की त्याला आणायला जावं लागतं. देह वेगळा, तो पुरता येतो. पण माणूस जिथं शेवटचा श्वास सोडतो तिथंच अडकून बसतो. बोरीच्या भावकीतलं एक काटेरी झाड आहे, त्याची फांदी घेऊन नेमक्या त्या जागी जायचं, नाव घेऊन हाक मारायची आणि वाट सांगत सांगत त्याला घरी आणायचं. जागा चुकली तर रिकामी फांदी घरी येते. फांदी हातात असेपर्यंत नेणाऱ्यानं जित्या माणसाशी बोलायचं नाही, जित्या माणसांनी त्याच्याशी बोलायचं नाही.

माशांगेनं डर्बनचं काम सोडलं आणि जागा विचारत फिरायला लागली. मुखियाकडं गेली. सितोले तेव्हा मुखिया होता. अंगणात मक्याची कणसं सोलत बसला होता.

“माशांगे, झालं ते झालं. आता उकरून काय मिळणार?”

“म्या कोणी इचारलं का? कोणी मारलं ते तुमच्यापाशी ठेवा. कुठं मारलं एवढं सांगा.”

“म्या नव्हतो तिथं.”

“तिथं म्हंजी कुठं, सितोले?”

सितोलेनं कणीस टोपलीत टाकलं आणि घरात गेला. सगळ्यांचं असंच. ‘कुठं’ सांगायचं म्हणजे ‘मी होतो’ सांगायचं. बाया तिला बघून ड्रम अर्धाच भरून घरी जायला लागल्या. मान्झामा तर परसातल्या वाटेनं जायची.

इकडं आम्ही निर्धास्त झालो. खुनी मेला म्हणून पोरींना पुन्हा उसातल्या जवळच्या वाटेनं पाठवायला लागलो. त्या वाटेवर आणखी तिघी गेल्या. लुंगिलेही सापडली, ओढ्याजवळच्या फडात. मोजून सात. आठवीनं त्या माणसाच्या हाताचा लचका तोडला आणि ओरडत सडकेवर आली, तेव्हा तो कोण ते कळलं. दुमिसानी गासा. उसाचा ट्रॅक्टर चालवायचा, चर्चमध्ये सगळ्यांत खालच्या पट्टीत गायचा. लुंगिलेला शोधायला तोही आमच्याबरोबर काठी घेऊन फिरला होता.

गासानं सगळं कबूल केलं. हातकड्या घालून पोलिसांच्या पुढं चालायचा आणि बोट करायचा: ही इथं, ती त्या बांधाखाली. सापळे कुठं लावलेत ते दाखवावं तसं. त्याच्या मागं मागं आया, मामा, चुलते फांद्या घेऊन जायचे आणि आपापली पोर घेऊन घरी यायचे. मान्झामानंही लुंगिलेला आणलं. त्या दिवशी माशांगे सडकेच्या कडेला उभी होती. सगळ्यांच्या फांद्या मोजल्यासारख्या बघत होती.

खटला तालुक्याच्या कोर्टात चालला. आम्ही ट्रक भरून जायचो, पाव आणि भाजलेलं चिकन बांधून. माशांगे एकटीच जायची, शेवटच्या बाकावर बसायची. निकालाच्या दिवशी न्यायाधीशानं सातही आयांना बोलू दिलं. कुणी रडली, कुणी गासाला शाप दिला. मान्झामा उभी राहिली, तोंड उघडलं आणि काही न बोलता खाली बसली. सातवी झाली तशी माशांगे उठली.

शिपाई म्हणाला, “मा, तुमचं नाव यादीत न्हाई. बसा.”

“बसते की. एक इचारते आन बसते.” ती न्यायाधीशाकडं वळली. “साहेब, ह्यानं समद्यांच्या आयांना जागा दावली. माझ्या पोराची तेवढी ऱ्हायली. ती इचारा त्याला.”

दुभाष्यानं सांगितलं. न्यायाधीशानं चष्मा काढला, कागद उलटले. “मा, तुमच्या मुलाची बाब या कोर्टापुढं नाही.”

गासा पिंजऱ्यात मान वळवून बघत होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं तरी बोलला. “त्यो माझा न्हाई, मा. माझ्या सात म्या दावल्या.” आणि तिच्या खांद्यावरनं त्यानं आमच्या बाकांकडं बघितलं. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आम्ही सगळे आपापल्या पायांकडं बघत होतो.

सात जन्मठेपा झाल्या. न्यायाधीश एकेक वाचत होता आणि दर खेपेला बाया गाणं उचलत होत्या. बाहेर आल्यावर लोकांनी फेर धरला. सितोले सगळ्यांत उंच उडी मारत होता, “न्याय झाला! न्याय झाला!” म्हणत.

शनिवारी सकाळी माशांगे फांदी घेऊन घराबाहेर पडली.

घरात दुसरं कुणी नाही म्हणून एकटीच. जागा माहीत नव्हती, तरी निघाली. पहिल्या फाटकाशी आली, उभी राहिली, आतल्यांकडं बघितलं आणि पुढं झाली. दुसऱ्या फाटकाशी तसंच. तिला हटकायची सोय नव्हती, हातात फांदी होती. दुकानासमोर बिअर पिणाऱ्यांनी बाटल्या खाली ठेवल्या. सितोलेच्या फाटकाशी ती इतका वेळ उभी राहिली की त्याची बायको पोरांना आत घेऊन गेली.

मग माघारी फिरून मान्झामाचं फाटक, जाताना तेवढं सोडलेलं.

मान्झामा केर काढत होती. झाडू हातात तसाच राहिला. फाटकाचा लोखंडी अडसर मान्झामानं सरकवला, बाहेर आली आणि माशांगेच्या पुढं चालायला लागली. मागं वळून बघितलं नाही. चर्चच्या मागनं, बाभळीच्या रांगेनं, गोचिडांच्या औषधाच्या हौदाकडं. दर शुक्रवारी आमची गुरं तिथनं पोहवून काढतात. हौदाच्या फाटकामागं सिमेंटचा कट्टा आहे, त्याच्या कडेला जमीन अजून काळी होती. तिथं मान्झामा थांबली. डोक्याचा रुमाल काढला, हीच जागा असं दाखवायला त्या काळ्या जमिनीवर बसली आणि मग उठून बाजूला झाली.

आम्ही बरेच जण लांबून मागं आलो होतो.

“वेलेंकोसी,” माशांगेनं हाक मारली. तिचा जुना आवाज. हौदावरचे बगळे उडाले. “ऊठ बाळा. आई आलीया. घरला जायचं.”

मग तिनं वाट सांगायला सुरुवात केली. प्रत्येक वळण मोठ्यानं सांगायचं, मेलेल्याला चुकायला नको म्हणून.

“ह्यो हौद. आता बाभळी लागतील, पाय जपून टाक. हे चर्च, हितं तुला कुणी थांबवणार न्हाई आता. ह्यो सितोलेचा वाडगा, त्यो दारातच उभा हाय, बघू नगंस. हे दुकान, टायर हितलंच असंल. हे मान्झामाचं घर. हिची पोर चपला न्यायला यायची व्हती, बाळा. तिला जमलं न्हाई.”

कुणाला कान झाकता आले नाहीत. उत्तरही देता आलं नाही.

घरात मागच्या भिंतीशी, घरच्या मेलेल्यांच्या जागेवर, तिनं फांदी टेकवली. फांदी खाली ठेवली की बोलायची मुभा असते. मान्झामा फाटकाबाहेर थांबलेली. माशांगे बाहेर आली तशी मान्झामा म्हणाली, “माशांगे, आता तरी बोल. शिव्या दे मला.”

माशांगेनं तिच्याकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, आणि फाटकाला आतनं कडी घातली.