दुकानाचा फोन
नव्या वायरच्या प्लास्टिकचा वास आला की मला श्रीरामपूरचं ते कापसाचं दुकान आठवतं, जिथे मी कामाला होतो. शेठच्या मुलाने जुनी लाईन काढून फोन आणि इंटरनेट एकाच वायरवर घेतलं होतं. दुसऱ्याच सकाळी लाईट गेली, तसे पंखा, कॉम्प्युटर आणि फोन एकदमच बंद पडले. जुना फोन लाईट नसतानाही चालायचा. शेतकरी टेम्पो भरण्याआधी त्याच नंबरवर भाव विचारायचे आणि शेठ पहिल्या रिंगला उचलायचे. मोबाईल त्यांनी कधी घेतलाच नाही. त्या दिवशी समोरच्याला नुसतीच रिंग ऐकू येत राहिली. दुपारी पांढऱ्या टोप्या घातलेले चार-पाच शेतकरी मान खाली घालून दारात आले, तर शेठ गादीवर चहा पीत बसलेले. "फोन कुनी उचलंना, आमाला वाटलं तुमी गेले," त्यातला एकजण म्हणाला. "बरं झालं, कोण कोण येतं ते तरी कळलं," म्हणत शेठनी सगळ्यांना चहा सांगितला. पुढे लाईट गेली की फोन जाणार, हे गावोगाव माहीत झालं. गेल्या वर्षी शेठ खरंच गेले. बंद दुकानात सकाळभर फोन वाजत होता. अंत्यविधीला घरचे आणि आम्ही दुकानातले तेवढेच होतो. बाकीच्यांना वाटलं, लाईट गेली असेल.