ओरिजिनल की डुप्लिकेट

तुला म्हणून सांगतो – हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. कितीदा ओठांवर आलं आणि गिऱ्हाईक आलं म्हणून गिळलं. गिऱ्हाईक नसतं, तर दुसरं निमित्त शोधलंच असतं मी.

तुमसरात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. चार्जर असो, बॅटरी असो, लोक आधी माझ्यापुढे ठेवतात – ओरिजिनल की डुप्लिकेट, ते सांग. मी डोळ्याला भिंग लावतो, निकाल देतो, आणि त्यावर कुणी हुज्जत घालत नाही. या भरवशाचा मला माज होता. काउंटरवर काचेच्या पेटीत एक लाल स्पोर्ट्स कार ठेवली होती – अजून आहे – वीतभराहून थोडी लांब, खऱ्या गाडीची छोटी प्रतिकृती, नागपूरहून आणलेली. ओरिजिनल, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो. मलाही तसंच वाटायचं.

संघपाल माझा शाळेपासूनचा दोस्त, नाकाडोंगरीला मास्तर आहे. आईबाप गेल्यावर धाकट्या बहिणीला, प्रज्ञाला, त्यानंच शिकवलं. लहानपणी तो वहीच्या पुठ्ठ्यांवर असल्याच गाड्या काढत बसायचा, ते तिच्या लक्षात होतं. पुण्यात नोकरी लागली तशी तिनं भावाला एक गाडी पाठवली. तीच गाडी – माझ्या पेटीत आहे तशीच. लाल रंगसुद्धा तोच. संघपाल खोकं बगलेत धरून थेट दुकानात आला. म्हणाला, "पाह्य ना गा, ओरिजिनल हाये ना?"

मी भिंग लावलं. आणि – काय सांगू तुला! रंग असा, की त्यात दुकानाची ट्यूबलाइट एका सरळ रेघेत दिसावी. दार लावलं की केसाएवढी फट, वरपासून खालपर्यंत सारखी. सीटबेल्ट खरोखर कापडाचे, त्यांना धातूची इवलीशी बक्कल. मागचं झाकण उचललं तर इंजिनाची एकेक वायर वेगळी ओढलेली. मी रोज वायरींत बोटं घालणारा माणूस. ते काम किती जिकिरीचं असतं हे मला कळतं. स्टेअरिंग नखानं ढकललं तर पुढची चाकं वळली. मग मी चाक फिरवलं. ब्रेकची तबकडी चाकाबरोबर फिरली, आणि तिला चिमटीत धरणारा पिवळा कॅलिपर जागच्या जागी राहिला, खऱ्या गाडीत राहतो तसा. कोण बघणार आहे, म्हणून बनवणाऱ्यानं ते सोडून दिलं नव्हतं. मला भरूनच आलं.

माझ्या गाडीत कॅलिपर चाकाबरोबर गरगर फिरतो. स्टेअरिंग तर चिकटवलेलंच आहे. हे मला आधी दिसलं नव्हतं – की मी दिसू दिलं नव्हतं?

दुकानात माणसं होती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, संघपाल तर जास्तच. मी भिंग काढलं आणि म्हणालो, "डुप्लिकेट हाये गा."

नकली माझी होती. डुप्लिकेट मी त्याच्या गाडीला म्हटलं.

त्यानं कशावरून म्हणून विचारलंसुद्धा नाही. माझ्या शब्दावर कोण विचारतं? गाडी खोक्यात ठेवताना एवढंच म्हणाला, "प्रज्ञाले नको सांगू. फसवलं म्हणून तिले वाईट वाटन." तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? मी त्याच्यासाठी चहा मागवला.

डुप्लिकेटला कशाला जपायचं? त्यानं ती आपल्या मुलीला खेळायला देऊन टाकली. पुढे सुट्टीत प्रज्ञा आली, तिनं आपली भेट अंगणातल्या मातीत पडलेली बघितली आणि उचलून, पुसून, ओट्यावर ठेवली. भावाला आपली गाडी आवडली नाही, असं ती समजली. आणि तो खरं कारण सांगेना, कारण तिला वाईट वाटलं असतं. मी तिथेच खाटेवर बसलो होतो.

मी अजून त्याच्या घरी जातो. गाडी धानाच्या पोत्यांवरून घसरते, नळाखाली धुतली जाते. एक आरसा गेलाय, रंगावर ओरखडे आहेत. तरी दार लागतं ते तीच केसाएवढी फट ठेवून. कुणी बघत नसलं की मी चाक फिरवून पाहतो. कॅलिपर हलत नाही. कुठल्या कारागिरानं बनवली असेल ती, त्याला मनातल्या मनात हात जोडतो, आणि घरी येतो.

गेल्या आठवड्यात संघपाल दुकानात आला. माझ्या पेटीपुढे हात मागे बांधून, वाकून, बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "डुप्लिकेट असून आमची एवढी टिकून राहिली गा. मंग ओरिजिनल कशी असन? एकदा दाखव ना."

मी पेटी उघडली. गाडी त्याच्या हातात दिली नाही. स्वतःच धरून चारी बाजूंनी दाखवली. चाक फिरवून बघायला त्यानं बोट पुढे केलं, तेव्हा मी म्हणालो, राहू दे, नाजूक असते. त्यानं लगेच हात मागे घेतला.